एकवर टेकलेला काटा

मी रेडिओच्या सेटशेजारी बसणारा एक जुना एसडब्ल्यूआर मीटर आहे. जुना म्हटलं की लोक लगेच हळहळायला लागतात, म्हणून आधीच सांगतो: माझा काटा सरळ आहे, काच शाबूत आहे आणि मला कुणाची कीव नको आहे. मित्रांनो, मी आयुष्यभर एकच काम केलं आणि ते चोख केलं. माझ्या आवाक्याबाहेरचं काम माझ्या गळ्यात मारलं गेलं तेव्हा काय झालं, ती हकिगत मात्र ऐकण्यासारखी आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. एका घड्याळजींनी मला आपल्या टेबलावर घडवलं. दिवसा ते लोकांची घड्याळं दुरुस्त करत आणि फावल्या वेळात हौशी रेडिओ चालवत. हौशी रेडिओवाले म्हणजे परवाना काढून, स्वतःचा सेट आणि अँटेना लावून, लांबलांबच्या आपल्यासारख्याच वेड्यांशी गप्पा मारणारी माणसं. माझा पत्रा एका जुन्या डब्याचा आणि माझा काटा दोन गल्ल्या पलीकडच्या फोटोवाल्यांच्या मोडक्या प्रकाशमापकातला. फोटोवालेही याच वेडातले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून तो काटा असा बसवला की नुसत्या फुंकरीने थरथरावा. त्यांची शाळकरी लेक शेजारी बसून कथलाची तार धरत होती आणि वडील डाग देत होते. घड्याळजींची म्हणून तिला सगळे टिकटिक म्हणत, आणि ती होतीही तशीच, क्षणभर गप्प न बसणारी.

आता माझं काम सांगतो. सेटमधून निघालेली लहर केबलमधून वर गच्चीवर अँटेनाकडे जाते. अँटेनाने ती घेतली तर ती आकाशात जाते. घेतली नाही तर आल्या वाटेने परत येते. मी सेटच्या अगदी शेजारी बसतो, एखाद्या इमारतीच्या दारावर रखवालदार बसतो तसा. बाहेर किती गेल्या आणि परत किती आल्या, एवढं मी बघतो. काहीच परत आलं नाही तर माझा काटा एकवर टेकतो. परत येणाऱ्यांची संख्या वाढली की काटा दीड, दोन, तीन असा वर सरकतो. म्हणजे एक हा आकडा सगळ्यात चांगला, निदान लोक तसं समजतात.

रखवालदाराला बाहेर गेलेला माणूस कचेरीत पोचला की वाटेत खड्ड्यात पडला, हे कसं कळणार? तो परत आला नाही, एवढंच त्याला ठाऊक. माझंही तसंच आहे. शिवाय कुणी सेटमधून फारच कमी ताकद सोडली तर माझ्या आतला लहर टिपणारा डायोड जागाच होत नाही आणि काटा खालीच लोळत राहतो. पाहणाऱ्याला वाटतं, वा, काय झकास अँटेना आहे! यात माझी लबाडी काही नाही. माझी नजर जिथवर पोचते तिथवरचं मी सांगतो.

हे घड्याळजींना माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. त्यांच्याकडे चाचणीसाठी तेलाचा एक डबा होता आणि त्यात एक जाडजूड रेझिस्टर बुडवलेला होता. सेट तपासताना आवाज उगाच आकाशात जाऊ नये म्हणून अँटेनाऐवजी तो डबा जोडायचा. तो सगळी लहर गिळतो आणि नुसता गरम होतो. एका दुपारी फोटोवाले आले, सेटच्या मागे न बघता खुर्चीत बसले आणि मला बघून खूश झाले. काटा एकवर! मग काय, त्यांनी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. जगाच्या पाठीवरून एकानेही उत्तर दिलं नाही. शेवटी घड्याळजींनी मागचा डबा दाखवला तेव्हा तो चांगलाच तापला होता.

"अहो, मग बोलायचं नाही का आधी?" फोटोवाले म्हणाले.

"तुम्ही तेलाला इतकं मनापासून बोलावत होतात, मला मध्येच तोडवेना," घड्याळजी म्हणाले, आणि पोट धरून हसले. ही गोष्ट ते पुढे येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण काही उगाच आलेली नाही.

वर्षं गेली. टिकटिक मोठी झाली, तिने स्वतःचा परवाना काढला आणि हवामान खात्यात नोकरीला लागली. पहिलीच नेमणूक झाली ती एका ओसाड बेटावरच्या ठाण्यावर. तिथे माणसं मोजकी, झाड औषधालासुद्धा नाही आणि वारा मात्र चोवीस तास. ठाण्याचा सरकारी बिनतारी संच फक्त वाऱ्यापावसाचे आकडे कळवण्यासाठी होता. घरी बोलायचं तर तिचा स्वतःचा छोटा सेट होता आणि मनोऱ्याच्या टोकापासून ताणलेली एक तार. दर रविवारी दुपारी बाप आणि लेक बोलत. तो दिवस आमच्या घरचा मोठा दिवस असायचा. घड्याळजी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून सेटसमोर बसत, जणू ती त्यांना बघणारच होती.

शेजारच्या खोलीत टिकटिकच्या आई शिवणकाम करत. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते. त्यांच्या मशीनला विजेची मोटर होती आणि ती सुरू झाली की सेटमधून खर्रर्र असा आवाज येई. मग घड्याळजी ओरडत, "अगं, थांबव ते!" आई पाय उचलत, हातातली शिवण तशीच धरून बसत आणि भिंतीपलीकडून लेकीचा आवाज ऐकत. दोघांच्या संसारातलं हे नेहमीचं भांडण होतं आणि कुणालाच त्याचा राग नव्हता.

अँटेना नवी होती तेव्हा माझा काटा दीडच्या पुढे असे. घड्याळजींनी तार कापून, ताणून, पुन्हा कापून पाहिली. काटा काही दीडच्या खाली येईना. मग एका वर्षी तो आपोआप खाली यायला लागला. सव्वा झाला. त्याहून कमी झाला. शेवटी एकवर येऊन टेकला. घड्याळजी हरखले.

"हाताला गुण असावा लागतो, दुसरं काय!" ते फोटोवाल्यांना म्हणाले. फोटोवाल्यांनी माझ्यावर बोट आपटून पाहिलं आणि मान डोलावली. दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या त्यांना आमच्याकडचं खोकणंसुद्धा ऐकू आलं असतं, त्यामुळे तेही म्हणत, "तुमचा आवाज पाच-नऊ!"

पाच-नऊ म्हणजे काय, तेही सांगतो. पाच म्हणजे शब्दन् शब्द स्पष्ट आणि नऊ म्हणजे आवाज जोरकस. याहून मोठी शाबासकी नाही. पण या मंडळींत एक गोड खोड आहे. समोरच्याचं मन राखायला ते सर्रास पाच-नऊ देऊन टाकतात. अर्धं वाक्य खरखरीत बुडालेलं असतं आणि तरी म्हणतात, "पाच-नऊ, मित्रा, आता तुझं नाव पुन्हा सांग बरं!"

इकडे गच्चीवर काय चाललं होतं? केबल जिथे अँटेनाला जोडली होती, त्या जोडावरची चिकटपट्टी उन्हाने तडकली होती. तिथून पाणी आत शिरलं. केबलच्या आतली तांब्याची जाळी हिरवी पडली, मग काळी पडली, आणि ती ओल हळूहळू खाली उतरत गेली. आता केबलच लहर खायला लागली. वर जाताना खाल्ली, आणि अँटेनाकडून जी थोडी परत फिरे तीही येताना खाल्ली. माझ्यापर्यंत परत येणार कोण? म्हणून मी एक दाखवत होतो. मित्रांनो, केबल जितकी सडत गेली तितका माझा आकडा सुंदर होत गेला.

बेटावरून येणारा आवाजही त्याच केबलमधून खाली उतरे, तो मात्र बारीक होत चालला होता. घड्याळजींच्या ते लक्षात आलं, पण दोष कुणाचा याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

"तुझा मीटर किती दाखवतो?" त्यांनी विचारलं.

"दीड, बाबा."

"माझा एक दाखवतोय. मग झालं तर! बिघाड तुझ्याकडेच आहे."

एका रविवारी त्यांनी तिला सगळे जोड साफ करायला लावले. पुढच्या वेळी तार बदलायला लावली. फरक पडेना. तरी तिला "आमचा आवाज कसा येतोय?" असं विचारलं की ती म्हणे, "पाच-नऊ, बाबा!" मग घड्याळजी माझ्याकडे बघून मिश्या फुलवत. शेवटी त्यांनी निदान केलं की मनोऱ्याच्या टोकाची कप्पी अडकली असणार, तार पुरती वर जातच नसणार. कुणीतरी वर चढून बघायला हवं. आईंनी विचारलं, "मनोरा केवढा आहे हो?" तर म्हणाले, "असेल, पण ती धीट आहे."

ती धीट होतीच. काळजी त्याचीच होती.

त्या रविवारी बेटावर वारा घोंघावत होता, तो तिच्या आवाजामागेही ऐकू येत होता. आवाज म्हणजे पलीकडच्या खोलीत कुणी कुजबुजावं इतकाच. "बाबा, ठाण्यावरचे आचारी दोर धरायला आलेत. वारा जरा मंदावला की मी वर जाते. सेट चालू ठेवते. तुम्ही मधूनमधून हाक मारत राहा."

"सावकाश चढ. पायऱ्या ओल्या असतील. माझा आवाज कसा आहे?"

मग, "पाच-नऊ!"

घड्याळजींनी माइक ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि समाधानाने पाठ टेकली. तेवढ्यात टिकटिकच्या आई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि चेहरा नेहमीसारखा नव्हता.

"अहो, एक विचारू? तुम्ही आताशा माझ्यावर ओरडत नाही."

"मग बरंच आहे की!"

"बरं काय? मला वाटलं वयाने मऊ झालात. पण आता तुम्ही बोलत होतात तेव्हा मी मुद्दाम मशीन चालू ठेवली. पूर्ण पडदा शिवून झाला. तुम्हाला सेटमधून तिची खर्रर्र ऐकू आली?"

"नाही," घड्याळजी म्हणाले. "सेट हल्ली फार शांत असतो."

"शांत आहे की बहिरा झालाय?" आई म्हणाल्या. "भिंतीपलीकडची माझी मशीन ज्याला ऐकू येत नाही, त्याला समुद्रापलीकडची पोर कशी ऐकू येणार?"

घड्याळजी हसले. त्यांनी लहर सोडायचं माइकवरचं बटण दाबलं आणि माझ्याकडे बोट केलं. "हा बघ. एक! अँटेना खराब असती तर हा गप्प बसला असता का?"

"त्याला काय कळतं गच्चीवरचं? तो तर इथे बसलाय."

मित्रांनो, माझ्याबद्दल इतकं खरं वाक्य आजवर कुणी बोललं नव्हतं. मला तोंड असतं तर मी आईंना पाच-नऊ दिलं असतं, आणि ते अगदी मनापासून.

घड्याळजी हट्टी होते, पण त्यांचा सगळा जन्म यंत्रं उघडून बघण्यात गेला होता. "ठीक आहे," ते म्हणाले. "तू वर जा आणि केबल अँटेनापासून सोडव. जोड फिरवला की सुटतो. सोडवून बाजूला हो आणि हाक मार. मग मी बटण दाबतो. अँटेनाच नसली तर सगळी लहर परत येईल आणि काटा धाडकन वर जाईल. म्हणजे तुझी खात्री पटेल."

आई जिना चढून गेल्या. थोड्या वेळाने खिडकीतून हाक आली, "सोडली!"

घड्याळजींनी बटण दाबलं. मी एकवर होतो.

"अगं, सोड म्हणतोय ना!"

"सोडली की!"

"नीट बघ, भलतंच काहीतरी सोडलं असशील!"

"अहो, केबलचं टोक कठड्यावर पडलंय आणि अँटेना दोरीला लोंबतेय! आणखी काय सोडू, घरदार?"

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मी एकवर. केबलला वर काहीच जोडलेलं नव्हतं आणि तरी मी सगळ्यात छान आकडा दाखवत होतो. कारण परत येणाऱ्यांना मी मोजतो, आणि परत कुणी येतच नव्हतं. सगळी लहर केबलच्या त्या कुजक्या पोटात जिरत होती.

घड्याळजींनी बटण सोडलं. त्यांना सगळं एका दमात कळलं. बिघाड आपल्या गच्चीवर आहे आणि तो शोधायला आपण लेकीला वाऱ्यात मनोऱ्यावर चढवतो आहोत. त्यांनी माइक ओढला आणि ओरडून हाका मारल्या, "चढू नकोस! चढू नकोस!" पण ओरडतानाही त्यांना समजत होतं की फोटोवाल्यांनी त्या दुपारी तेलाला हाका मारल्या होत्या, त्यापेक्षा हे फारसं वेगळं नाही.

"सेट वर आणा," खिडकीतून आईंचा आवाज आला. "केबलच नको मध्ये."

"वर वीज कुठाय?"

"माझ्या मशीनचा लांब वायरचा बोर्ड आहे ना! आणते मी."

एरवी घड्याळजी तो सेट हलवताना लहान बाळासारखा जपत. त्या दिवशी त्यांनी तो कवटाळला, माझी दोन्ही टोकं केबलमधून सोडवून मला बगलेत मारलं आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आले. सेटपासून माझ्यापर्यंत आणि माझ्यापासून अँटेनापर्यंत हातभर चांगल्या केबलचे दोन तुकडे त्यांनी लावले. आईंनी वायर कठड्यावरून ओढून घेतली. सेट चालू झाला आणि एकदम केवढा गलबला! कडकड, खरखर, शिट्ट्या, लांबच्या कुणाची तरी बडबड. कितीतरी दिवसांनी आमच्या कानातला बोळा निघाला होता.

घड्याळजींनी बटण दाबलं आणि मी खरं ते सांगितलं. काटा दीड ओलांडून थेट दोनला जाऊन भिडला. इतक्या वर्षांत अँटेनाची तार सैल पडली होती, तेवढा आकडा व्हायचाच. पण घड्याळजींचं बोट बटणावरून आपोआप उठलं.

"दोन! अगं, हे वाईट आहे. सेट जळायचा."

"मग नका बोलू," आई म्हणाल्या. "चढू दे तिला."

त्यांनी एकवार आईंकडे पाहिलं. मग त्यांनी मला उचलून पालथं ठेवलं, काटा दिसू नये म्हणून, आणि माइक तोंडाशी धरला. मला त्याचा राग आला नाही. दोन म्हणजे नऊ-दहा लहरींतली एखादी परत येते, बाकीच्या सगळ्या जातात. मी भीती घालत नव्हतो. मी फक्त मोजत होतो.

"टिकटिक, बाबा बोलतोय. वर चढू नकोस. पुन्हा सांगतो, मनोऱ्यावर चढू नकोस. ऐकू आलं का?"

बटण सोडलं. खरखर. वाऱ्याचा घूंघूं आवाज. गच्चीवर उभी असलेली ती दोघं सेटकडे बघत होती.

"बाबा!" आवाज असा खणखणीत आला की आई दचकून मागे सरकल्या. "अहो, काय केलंत काय? कान फुटतील माझे! मी पहिल्या पायरीवर होते, खिडकीतून तुमचा आवाज बाहेर आला. आचारीकाका म्हणाले, तुझे वडील ओरडतायत, खाली उतर."

आई कठड्याशी बसल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या. घड्याळजींनी माइक दोन्ही हातांनी धरला. मग त्यांनी सगळं सांगितलं, केबल कशी सडली, आकडा कसा फसवा निघाला. शेवटी विचारलं, "आता खरं सांग. इतके दिवस माझं किती ऐकू येत होतं?"

"शब्द फारसे कळत नव्हते, बाबा. आवाज तुमचा आहे एवढं कळायचं. ‘वर’ आणि ‘तार’ एवढं ऐकू आलं की बाकीचं मी जुळवून घ्यायची."

"मग पाच-नऊ कशाला देत होतीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने विचारायचात. मला वाईट वाटायचं नाही का?"

नवी केबल आली. मी मात्र काही महिने खणात पडून होतो. घड्याळजींना माझं तोंड बघवत नव्हतं. फोटोवाल्यांना ते म्हणत, "या डबड्याने पोरीचा जीव घेतला असता." खणात काळोख होता आणि कुजकट वास होता, पण मी खचलो नाही. माझा हिशेब स्वच्छ होता.

सुटीवर आलेल्या टिकटिकनेच मला बाहेर काढलं आणि फडक्याने पुसलं. "बाबा, याने काय खोटं सांगितलं? काही परत येत नाही, असं म्हणाला. ते खरंच होतं. जे परत आलं नाही ते आकाशात गेलं, असं तुम्ही ठरवलंत."

"हं," घड्याळजी म्हणाले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, माझा काटा तपासला आणि मला पुन्हा सेटशेजारी बसवलं. त्यानंतर काटा दीड दाखवो की दोन, ते आधी गच्चीवर जाऊन जोड बघत आणि मगच खुर्चीत बसत. बेटावरून पाच-नऊ आलं तर म्हणत, "मी आत्ता काय बोललो ते मला परत सांग, मग मानतो."

आता घड्याळजी नाहीत. मी टिकटिकच्या टेबलावर असतो आणि तिच्याकडे शिकायला येणाऱ्यांना माझी दोन्ही टोकं ती जोडायला लावते. मित्रांनो, मला ओलीपासून जपा, आपटू नका, माझा काटा बोटाने ढकलू नका. मी तुम्हाला माझ्या दारातलं सगळं खरंखुरं सांगेन. पण दारापलीकडचं मला विचारू नका. तिथे तुम्ही स्वतः जा, हाताने चाचपून बघा. आणि कधी कुणी लांबून तुम्हाला विचारलं, "ऐकू येतंय का?" आणि येत नसेल, तर प्रेमापोटीसुद्धा हो म्हणू नका. तुमच्या त्या ‘हो’वर विसंबून कुणीतरी कुणाला तरी वाऱ्यात मनोऱ्यावर चढवत असतं.